एचटीटी-३४, १:२४ मापात: नाक बसलं, कॅनोपी ओढायचीय

मंडळी, एचटीटी-३४ या विमानाच्या लाकडी मॉडेलचं काम बरंच पुढे सरकलंय. धडाच्या दोन्ही फाळ्या कायमच्या जोडल्या, पंख बसले, आणि मला सगळ्यात जास्त काळजी होती ते टर्बोप्रॉपचं (टर्बाइनने प्रोपेलर फिरवणाऱ्या इंजिनाचं) लांब नाक फायरवॉलवर (इंजिन आणि कॉकपिटमधल्या भिंतीवर) असं बसलंय की सांध्यात नख शिरत नाही. प्रायमरचा पहिला हात मारून झालाय. कॅनोपी (कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण), चाकांचे पाय आणि प्रोपेलर बाकी आहेत.

नव्याने आलेल्यांसाठी विमानाची थोडक्यात ओळख. एचटीटी म्हणजे हिंदुस्तान टर्बो ट्रेनर. हिंदुस्तान एरोनॉटिक्सने (एचएएल) वायुदलाच्या नवशिक्या वैमानिकांसाठी एचपीटी-३२ 'दीपक' तयार केलं, त्याचं पहिलं उड्डाण ६ जानेवारी १९७७ चं. पुढे त्याच दीपकच्या एका प्रोटोटाइपचं पिस्टन इंजिन काढून तिथे अ‍ॅलिसन २५०-बी१७डी हे ४२० अश्वशक्तीचं टर्बोप्रॉप बसवलं. १७ जून १९८४ ला ते उडालं. त्याच वर्षी इंग्लंडच्या फार्नबरो प्रदर्शनात ते मांडलंही गेलं. उत्पादनापर्यंत मात्र कधी पोहोचलं नाही. वायुदलात दीपकच राहिलं, आणि एचटीटी-३४ विमानांच्या जाड पुस्तकांत चार ओळींपुरतं उरलं.

पंख, शेजारी-शेजारी दोन खुर्च्या, न मिटणारी तीन चाकं, हे सगळं दीपकचं. वेगळं काय, तर फायरवॉलच्या पुढचा भाग. म्हणून मी धड एकच केलंय आणि नाकं दोन. एक दीपकचं रुंद, आखूड नाक. दुसरं एचटीटी-३४ चं लांब, निमुळतं. दोन्हींच्या मागच्या तोंडाला आणि फायरवॉलला छोटी निओडिमियम चुंबकं आहेत, मध्ये एक लाकडी खुंटी. नाक ओढलं की निघतं, दुसरं लावलं की टक्‌कन बसतं. खरं विमानही याच जागेवर बदललं गेलं, त्यामुळे मॉडेलचा सांधा आणि खऱ्या विमानाचा सांधा एकाच रेषेत आलाय. पाहणाऱ्याला काही समजावून सांगावं लागत नाही.

मापं आधी सांगतो. दीपकची पंखांची लांबी साडेनऊ मीटर, म्हणजे आपल्या मापात ३९६ मिलिमीटर. लांबी ७.७२ मीटर, म्हणजे ३२२ मिलिमीटर. उंची २.८८ मीटर, ती बरोब्बर १२० मिलिमीटर होते. पंखांचं क्षेत्रफळ १५ चौरस मीटर, त्यावरून पंखाची सरासरी रुंदी १:२४ ला ६६ मिलिमीटरच्या जवळ येते. टीपॉयवर आरामात मावणारं, तरी कॉकपिटमधली घड्याळं रंगवता येतील एवढं मोठं, म्हणून हे माप धरलं.

लाकूड शिवणीचं. आमच्या जळगावात आरा मशीनवर सागाचे कापे ढिगाने मिळतात, पण सागात कडक-मऊ रेषा असतात आणि बारीक कानस मारताना हात घसरतो. शिवण सगळीकडून सारखी कापली जाते. ठोकळा मी घराच्या माळ्यावर उन्हाळाभर ठेवला होता. खानदेशातल्या मे महिन्यात पत्र्याखालचा माळा म्हणजे भट्टीच, पारा ४५ च्या आसपास फिरत असतो. त्यातून निघालेलं लाकूड पुढे फारसं हलत नाही. पावसाळ्यात थोडं फुगतं, म्हणून दोन फाळ्यांचा अंतिम सांधा पावसाच्या आधी उरकला आणि लगेच सँडिंग सीलरचे तीन पातळ हात दिले. शेवटच्या दोन हातांच्या मध्ये बारीक पॉलिश पेपर.

धड दोन फाळ्यांत करायची रीत जुनीच आहे. दोन पाट्यांच्या मध्ये वर्तमानपत्राचा कागद ठेवून फेव्हिकॉलने चिकटवायच्या, एकसंध ठोकळा समजून कोरायचं, मग कागदाच्या रेषेत पटाशी ठेवून हलका ठोका दिला की दोन सारखे भाग सुटतात. आतून कोरून कॉकपिटची जागा करायची आणि परत जोडायचं. फायदा असा की मधली रेषा शेवटपर्यंत डोळ्यासमोर राहते, त्यामुळे डावी-उजवी बाजू सारखी आहे का ते पुठ्ठ्याचे फर्मे लावून केव्हाही तपासता येतं.

आता नाकाकडे वळतो. इथेच सगळा जीव आहे.

दीपकचं इंजिन लायकमिंगचं, २६० अश्वशक्तीचं, सहा सिलिंडरचं. सिलिंडर आडवे, तीन डावीकडे आणि तीन उजवीकडे, म्हणून इंजिन रुंद आणि काउलिंगही (इंजिनावरचं आवरण) रुंद. त्याचं वजन पावणेदोनशे ते दोनशे किलोच्या घरात. अ‍ॅलिसनचं वजन ९० किलोच्या आसपास आणि ताकद दीडपटीहून जास्त. एवढं वजन पुढून कमी झाल्यावर इंजिन आहे त्याच जागी बसवून कसं चालेल? गुरुत्वमध्य मागे सरकेल. मागे भारी झालेलं विमान शिकाऊ वैमानिकाच्या हातात देता येत नाही. नाक वर करण्याचा त्याचा कल वाढतो आणि गिरकीतून बाहेर काढायला ते अवघड होतं.

आमच्या गल्लीतल्या सुतारदादांना मी दोन्ही नाकांची रेखाचित्रं दाखवली. ठोकळे त्यांच्याकडेच कापून घेतो. इंजिन हलकं झालं एवढंच मी सांगितलं होतं. त्यांनी पेन्सिल उचलून लांब नाकावर टेकवली आणि म्हणाले, "पुढलं वजन कमी व्हयनं त गाडी उलार व्हई जाई ना भाऊ. म्हनीसन पुढे काढेल शे." झालं, सगळं गणित त्यात आलं. हलकं इंजिन लांब दांडीवर पुढे नेलं की तेवढाच तोल सांभाळला जातो. जगातल्या बहुतेक पिस्टनच्या विमानांना टर्बोप्रॉप बसवल्यावर अशीच लांब नाकं आलीत. इटलीचं एसएफ-२६० टीपी घ्या, चिलीचं टर्बो पिलान घ्या. या दोघांतही हेच अ‍ॅलिसन २५० कुळातलं इंजिन आहे. जपानचं फुजी टी-५ आणि फिनलंडचं रेडिगो हीही त्याच पंगतीतली. हे फोटो शेजारी-शेजारी ठेवून बघा, एकाच घरातली भावंडं दिसतात.

कोरायला अवघड गेली ती दोन रुंदींमधली उतरण. शेजारी-शेजारी दोन माणसं बसतात, म्हणून फायरवॉलपाशी धड चांगलं रुंद आहे. पुढे स्पिनर (प्रोपेलरच्या मधली निमुळती टोपी) मात्र छोटा, कारण अ‍ॅलिसन अंगाने बारीक. या दोन्हींच्या मध्ये नाकाच्या बाजू सरळ रेषेत उतरवल्या तर ते पेन्सिलीच्या टोकासारखं दिसतं. खऱ्या विमानात बाजू आधी थोड्या भरलेल्या राहतात आणि मग आत वळतात. मी दर दहा मिलिमीटरवर पुठ्ठ्याचा एकेक फर्मा कापला, लाकडावर पेन्सिलीने आडव्या रेषा मारल्या आणि प्रत्येक रेषेवर फर्मा बसेपर्यंत फक्त तिथेच कानस मारली. मग मधले उंचवटे लांब पट्टीला चिकटवलेल्या पॉलिश पेपरने उतरवले. बोटाला गुंडाळलेला पेपर इथे वापरू नका, बोट खड्डा शोधतंच. शेवटी अंधार करून एका बाजूने टॉर्च मारला. प्रकाशाची पट्टी स्पिनरपासून फायरवॉलपर्यंत कुठेही न मोडता गेली, तेव्हा हत्यार खाली ठेवलं.

स्पिनर अ‍ॅल्युमिनियमचा आहे. वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले एक काका घरी छोटी लेथ बाळगून आहेत. त्यांनी जाड सळईतून तो काढून दिला, आणि पाठीमागे तीन पात्यांसाठी १२० अंशांवर भोकंही पाडून दिली. दीपकला दोन पात्यांचा प्रोपेलर, एचटीटी-३४ ला तीन. म्हणजे प्रोपेलरही नाकाबरोबरच बदलतो.

इंजिन झाकलेलंच राहणार आहे, तरी ते मी वेगळं करतोय, नाकाच्या शेजारी छोट्या स्टँडवर ठेवायला. कारण अ‍ॅलिसन २५० ची रचना बघण्यासारखी आहे. साध्या जेट इंजिनात हवा पुढून शिरते, दाबली जाते, जळते आणि मागून निघते. इथे हवा पुढून शिरते, सहा अक्षीय आणि एका केंद्रोत्सारी टप्प्यातून दाबली जाते, आणि मग इंजिनाच्या दोन्ही अंगांनी बाहेरून जाणाऱ्या दोन जाड नळ्यांमधून थेट मागच्या टोकाला नेली जाते. ज्वलनकक्ष आहे तो अगदी मागे. तिथे जळलेला वायू उलटा पुढे वळतो, टर्बाइनमधून जातो, आणि धूर इंजिनाच्या मधोमधून बाहेर पडतो. या उलट-सुलट वाटेमुळे इंजिन आखूड राहतं आणि गरम भाग मागून सहज उघडता येतो. हेलिकॉप्टरवाल्यांना हे चांगलं ठाऊक असेल, बेल जेटरेंजरमध्ये हेच कुळ आहे. दाबणारं चक्र मिनिटाला ५०,००० हून जास्त फेरे घेतं आणि प्रोपेलर २,००० च्या आसपास. प्रोपेलर फिरवतं ते वेगळं टर्बाइन, त्याचे फेरे गिअरबॉक्स कमी करतो.

आपल्या मापात हे इंजिन बोटभर लांबीचं होतं. अंग प्लास्टिकच्या सळईतून घासून काढलं, ज्वलनकक्षासाठी जुन्या बॉलपेनच्या टोपणाचा गोल शेंडा वापरला. त्या दोन नळ्या सोल्डर वायरच्या आहेत. सोल्डर मऊ असतं, गोल सळईभोवती हाताने वळवलं की पिचकत नाही, आणि मंद राखाडी चमक आधीच असते, रंगाची गरज नाही. नळीच्या दोन्ही टोकांना बारीक कड हवी होती. तांब्याच्या एका केसाएवढ्या तारेचा एक वेढा देऊन फेविक्विकचा थेंब सुईने टेकवला. भिंगातून पाहिलं तर खऱ्या पट्ट्यासारखं दिसतं. या नळ्यांसाठी मी अख्खा रविवार दिला आणि परत द्यायलाही तयार आहे.

रंगाबद्दल खानदेशातल्या मित्रांना एक गोष्ट आवर्जून सांगतो. इथल्या उन्हाळ्यात दुपारी फवारा मारू नका. रंगाचा थेंब नोझलपासून मॉडेलपर्यंत पोहोचेपर्यंत अर्धा वाळतो आणि पृष्ठभागावर भुकटीसारखा बसतो, हात फिरवला की खरखरीत. पहाटे, ऊन चढायच्या आत मारायचा, थिनर जरा सावकाश उडणारं घ्यायचं आणि अंतर कमी ठेवायचं. प्लास्टिकच्या पत्र्याला लावायचं द्रव सिमेंटही दुपारी कुंचल्यावरच उडून जातं. मी खिडकीला वाळ्याचा पडदा सोडून आत बसतो, तेवढ्याने फरक पडतो. माझा प्रायमर असाच पहाटे झालाय आणि ८०० च्या पेपरने पाण्याखाली घासल्यावर काचेसारखा लागतोय.

पॅनेलच्या रेषा प्रायमरनंतर कोरल्या. जाड लेबल टेपची कड धरून, पिनवाइसमध्ये पकडलेल्या सुईने, तीन-चार हलके फेरे. लाकडावर थेट रेषा मारली तर सुई रेषेच्या दिशेने पळते, म्हणून सीलर आणि प्रायमरचा थर चांगला जाड असू द्या.

आता कॅनोपी. दीपकची कॅनोपी मोठी आणि रुंद, मागे सरकणारी. शीतपेयाच्या बाटलीवर गरम हवा मारून करायची युक्ती इथे पुरत नाही, तेवढी रुंद बाटलीच मिळत नाही. म्हणून फर्म्यावर प्लास्टिकचा पत्रा तापवून ओढायचा बेत आहे. जळगावात पाइप आणि ठिबकचे एवढे कारखाने आहेत की प्लास्टिक तापवण्याबद्दल विचारायला माणूस शोधावा लागत नाही. तिथल्या एका ओळखीच्या ऑपरेटरने सांगितलेली खूण फार कामाची आहे: पत्रा चौकटीत आवळून शेगडीवर धरला की आधी तो लाटा मारतो, मग परत ताणून सपाट होतो, आणि त्यानंतर मधोमध झोळ धरायला लागतो. सपाट झाल्यावर घाई करायची नाही. झोळ सुरू झाला की एका दमात फर्म्यावर दाबायचा आणि गार होईपर्यंत हलवायचा नाही. लाकडी फर्म्याच्या रेषा पारदर्शक पत्र्यावर हमखास उमटतात, म्हणून त्यावर गाडीची पुट्टी चढवून रबिंग कंपाउंडने चकाकी आणलीय. पत्र्याची जाडी धरून फर्मा सगळीकडून एक मिलिमीटर लहान केलाय.

एवढी मेहनत उत्पादनात कधीच न गेलेल्या विमानासाठी का, असं मला घरीही विचारतात आणि बाहेरही. माझं ठाम मत आहे की एचटीटी-३४ पुढे जायला हवं होतं. १९८० च्या दशकात जगभर प्राथमिक शिक्षणाची विमानं पिस्टनवरून टर्बोप्रॉपवर चालली होती. टर्बोप्रॉप जेटचंच इंधन पितं. पिस्टनला विमानाचं पेट्रोल वेगळं साठवावं लागतं. शिकाऊ वैमानिकालाही पुढे किरणसारख्या जेटवर जायचंच असतं, त्याला टर्बाइनची सवय पहिल्या दिवसापासून लागते. विमान आपल्याकडे तयार होतं, उडत होतं. त्यापुढे हवी होती ती फक्त मागणी.

दीपकने वायुदलाच्या वैमानिकांच्या कितीतरी तुकड्या घडवल्या, त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण त्याचं इंजिन हवेत बंद पडण्याचं दुखणं शेवटपर्यंत गेलं नाही. १७ अपघातांत १९ वैमानिक गेले. अख्ख्या विमानाला पॅराशूट बसवायचा विचारही झाला होता. ३१ जुलै २००९ च्या अपघातात दोन वैमानिक गेल्यावर सगळी दीपक जमिनीवर बसली ती कायमची. मग स्वित्झर्लंडकडून ७५ पीसी-७ मार्क टू घ्यावी लागली, २०१३ मध्ये ती दाखल झाली. टर्बोप्रॉप बसवलं असतं तर ही सगळी माणसं वाचली असती, असं म्हणणं उथळपणाचं होईल. पण जे दुखणं इंजिनात आणि त्याच्या इंधनपुरवठ्यात होतं, त्या जागी दुसरं इंजिन लावलेलं विमान १९८४ मध्येच आकाशात होतं. हे मी नाक हातात घेतो तेव्हा विसरता येत नाही.

मधल्या काळात एचटीटी-३५ नावाचा पुढचा आराखडाही झाला, एकामागे एक खुर्च्यांचा. ते पूर्ण आकाराच्या मॉक-अपवरच (न उडणाऱ्या नमुन्यावर) थांबलं. एचटीटी-४० चं पहिलं उड्डाण ३१ मे २०१६ ला झालं. ३४ च्या पहिल्या उड्डाणाला तेव्हा ३२ वर्षं व्हायला जेमतेम पंधरवडा बाकी होता. २०२३ मध्ये ७० विमानांची ऑर्डर निघाली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्या नाशिकच्या एचएएलमध्ये त्याची दुसरी उत्पादन साखळी सुरू झाली. जळगावहून गाडीने अर्ध्या दिवसाची वाट. टर्बोप्रॉप ट्रेनर इतक्या जवळ तयार होतोय याचा मला मनापासून आनंद आहे.

म्हणूनच पुढचा बेत तिघांचा आहे, तिन्ही १:२४ मध्ये. डावीकडे एचटी-२, ५ ऑगस्ट १९५१ ला उडालेलं, आपल्या कोल्हापूरकडच्या डॉ. वि. मा. घाटगे यांच्या हातचं. जर्मनीत गटिंगेनला वायुगतिकीतले थोर शास्त्रज्ञ प्रांटल यांच्याकडे शिकून आलेला माणूस स्वतंत्र भारतात पहिलं शिक्षण-विमान रेखतो, यावर मराठीत अजून कितीतरी लिहायला हवं. मध्ये दोन नाकांचं हे धड. उजवीकडे एचटीटी-४०. एचटी-२ चा पंख १०.७२ मीटरचा, म्हणजे ४४७ मिलिमीटरची पाटी लागेल. ठोकळा माळ्यावर चढवलाय.

तोवर हातात असलेलं काम: कॅनोपी या आठवड्यात ओढतो. पुढच्या चाकाच्या पायासाठी पितळी नळीत सरकणारी स्टीलची सुई वापरणार आहे, म्हणजे खऱ्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरसारखा चकाकणारा भाग आयता मिळेल. प्रोपेलरची तीन पाती दीड मिलिमीटरच्या अ‍ॅल्युमिनियम पट्टीतून कापली आहेत, त्यांना पीळ द्यायचा फर्मा अजून करायचाय. मुळाशी जास्त, टोकाला कमी, आणि तिन्हींना सारखा. ज्यांनी या मापात धातूच्या पात्यांना पीळ दिलाय त्यांनी फर्मा लाकडाचा केला की धातूचा, तेवढं सांगा. आणि १९८४ च्या फार्नबरोत काढलेला एचटीटी-३४ चा एखादा फोटो, विशेषतः नाकाच्या खालच्या बाजूचा, कुणाच्या संग्रहात असेल तर रंगाचा शेवटचा हात मी त्यासाठी थांबवून ठेवतो.